तीन डब्यांची वाटणी

जिनगोंडामामांनी धोतराचा सोगा कमरेला खोचला, गुडघ्यावर हात देऊन खाली बसले आणि मधल्या दाराच्या उंबऱ्याला लागून खडूनं रेघ ओढली. या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत.

"रेघ वाकडी गेली," अभी म्हणाला.

"रेघ सरळ हाय. तुमची डोकी वाकडी हायत," मामा म्हणाले. "आता ऐका. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. आपल्यात असंच चालत आलंय. एकदा वाट्यावर हात ठिवला की ठिवला. मग रडायचं न्हाई, कोर्टात जायचं न्हाई. आन् मी दिवस मावळायच्या आत जेवतो, तुमास्नी ठावं हाय. मामाला उपाशी ठिवायचं आसंल तर बसा खुशाल भांडत."

"चाचा, त्याला सांगा, लवकर वाटे पाड म्हणावं," अभी मला म्हणाला.

शांतू तिथंच उभा, हातभर अंतरावर. पण दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. त्यांचे वडील, अण्णा, गेल्यापासनं सगळं माझ्या तोंडून चालायचं. मी म्हणालो, "शांतू, लवकर पाड म्हणतोय."

"ऐकू येतंय मला. घाई असली तर पुण्याला परत जा म्हणावं."

"अभी, पुण्याला जा म्हणतोय."

"चाचा, तुम्ही गप्प बसा," दोघंही एकदमच म्हणाले. त्या वर्षात दोघांचं एकमत झालेलं मी एवढंच बघितलं.

वीसेक वर्षं झाली असतील. जयसिंगपुरातला चौगुले प्रेस. भूपाळअण्णांनी काढलेला. मी बाबालाल शिकलगार, तिथला कटिंग आणि बाइंडिंगवाला. शाळा चौथीपर्यंत, तीपण मास्तर बरे होते म्हणून. अण्णांनी मला खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, निवडायला बसवलं, तेव्हापासनं मी त्या प्रेसचा. शिशाचे खिळे गेले, पायाचं मशीन गेलं, ऑफसेट आलं, कॉम्प्युटर आले, मी तिथंच. दोन्ही पोरं माझ्या चिकटवायच्या लेईच्या डब्यात हात घालून मोठी झाली. थोरला शांतिनाथ, धाकटा अभिनंदन. नावं देवाची, जिभा विंचवाच्या.

मला त्या दिवशी भीती एकच होती. वाटणीनंतर दोघांपैकी एकाचंही धड चाललं नाही, तर अण्णांचा प्रेस जाणार. आणि प्रेस गेला की पन्नाशी उलटलेल्या बाबालालला दारात कोण उभं करणार? घरी बायको म्हणाली होती, तुम्ही मधे बोलू नका, तुमचं काय जातं. माझं सगळंच जात होतं.

आता त्या डब्यांचं सांगतो. कॉम्प्युटर तीन होते, मी त्यांना डबेच म्हणायचो. शांतूचा विंडोजवाला. लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायटीचे अहवाल, सगळं त्याच्यावर. शांतूची बोटं मराठी टायपिंगला अशी चालायची की तांदूळ निवडतोय असं वाटावं. अभी पुण्याला चित्रकला शिकून आला आणि मॅक घेऊन आला. पांढराशुभ्र डबा. त्याच्यावर तो बेदाण्याची खोकी, कॅलेंडरं, असली रंगाची कामं करायचा. तिसरा डबा अण्णांचा. इतका म्हातारा झाला होता की नवीन विंडोज त्याला पेलवेना, म्हणून अभीच्या कुणा मित्रानं त्यात लिनक्स का काय ते घालून दिलं होतं. अण्णा शेवटी-शेवटी त्याच्यावर पत्ते खेळायचे.

पहिल्या दोन डब्यांवरनं तीन वर्षं भांडणं चालली होती. मॅक आला त्या दिवशी शांतू म्हणाला, "शोकेसमधली बाहुली आणलीय. हिला मराठी येत नाही, काम येत नाही, नुसतं दिसणं." अभी म्हणाला, "तुझ्या विंडोजला निदान रोग तरी सगळे येतात." तिथनं जे सुरू झालं ते अण्णांच्या दहाव्यालासुद्धा थांबलं नाही.

तर शांतूनं वाटे पाडले.

रस्त्याकडची खोली, शटरसकट. मोठं ऑफसेट. कटिंग मशीन. विंडोजवाला डबा. हा एक वाटा. मागची खोली, दार गल्लीत उघडणारं. छोटं ऑफसेट. मॅक. हा दुसरा.

मामांनी दोन्हीकडं बघितलं. "शांतू, मला कॉम्प्युटरातलं कळत न्हाई. पर मोजता येतंय. एकीकडं ढीग आन् एकीकडं मूठभर. ही बरोबरी कशी झाली?"

"मॅक आहे मामा तिकडं," शांतू म्हणाला. "तो एकटा सगळ्याला भारी आहे."

मी कान टवकारले. तीन वर्षांत शांतूच्या तोंडून मॅकबद्दल चांगला शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"कसा काय भारी?" मामा म्हणाले.

"रंग पडद्यावर दिसतो तसाच कागदावर उतरतो. दिवसभर चालवा, मधेच अडकून बसत नाही. व्हायरसचं भ्या नाही. चित्राच्या कामाला त्याच्यासारखा नाही. मोठी गिऱ्हाइकं त्याच्यावरच मिळतात."

"खोटं बोलतोय," अभी म्हणाला. "चाचा, मामांना सांगा. मॅक बिघडला तर पुण्याला न्यावा लागतो. आपल्याकडं त्याचं झाकण उघडणारा माणूस नाही. पत्रिकेचं मराठी टायपिंग त्याच्यावर चालतच नाही, आपलं सॉफ्टवेअर त्याच्यासाठी निघालेलंच नाही. गिऱ्हाइकानं गावातनं टाइप करून आणलेलं उघडलं की अक्षरांच्या मुंग्या होतात. पोट भरायचं तर विंडोज पाहिजे. जगातलं सगळं त्याच्यावर चालतं. बिघडला तर गल्लीतलं पोरगं येऊन नीट करून जातं."

हेपण मी पहिल्यांदाच ऐकत होतो. हाच अभी मॅक पुसायला चष्म्याचं फडकं वापरायचा, मला जवळ फिरकू द्यायचा नाही.

"त्याला विचारा," शांतू म्हणाला, "मग तीन वर्षं विंडोजला शिव्या का दिल्यास? जगातलं सगळं चालतं म्हणतोय, जगातले सगळे रोगपण त्याच्यावरच चालतात. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावला की ताप. सहा महिन्यांनी सगळं पुसून नव्यानं बसवा. ऐन पत्रिकांच्या दिवसांत माझा डबा दोनदा अडकला, तेव्हा हसत कोण होतं?"

"हसलो नव्हतो म्हणावं. म्हणालो होतो, मॅक घे."

"तेच हसणं म्हणावं."

मामांनी खडू कानावर ठेवला. "मी बैलबाजारात लई फिरलोय," ते म्हणाले. "ज्याचा बैल त्यो गुण सांगतो, घेणारा खोडी काढतो. हितं जो तो आपल्याच बैलाला लंगडा म्हणायलाय. काय भानगड हाय रं बाबालाल?"

भानगड मला कळली होती. शांतूला वाटत होतं, अभी मॅकशिवाय राहणार नाही. वाटा कसाही पाडा, तो मॅकच उचलणार. मग मॅकच्या बाजूला थोडं ठेवलं तरी चालतंय, फक्त मामांना मॅक मोठा वाटला पाहिजे. आणि अभीला मॅक पाहिजेच होता, पण त्याच्याबरोबर कटिंग मशीन आणि शटरपण पाहिजे होतं, म्हणून तो मॅकला नावं ठेवत होता. दोघांनाही एकमेकांच्या डब्याचे गुण आणि आपल्या डब्याचे दोष असे पाठ होते, की तीन वर्षं ते भांडण होतं का अभ्यास, मला कळेना.

पण मी पडलो नोकर. म्हणालो, "मामा, मला कटिंगपुरतं कळतंय."

"आणि हा तिसरा?" मामांनी अण्णांच्या डब्याकडं बोट केलं.

"लिनक्स," अभी म्हणाला. "फुकट मिळतं. जुन्या डब्यावरपण पळतं, व्हायरस लागत नाही. पण आपला प्रिंटर त्याला ओळखत नाही आणि पत्रिकेचं काहीच त्याच्यावर चालत नाही. प्रेसला उपयोग शून्य."

"तो मॅकच्या वाट्यात घाला, वर," शांतू म्हणाला. "म्हणजे झाली बरोबरी."

"भंगार देऊन बरोबरी करतोय," अभी म्हणाला. "आणि चाचा कुणाकडं?"

शांतूनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "कटिंग मशीनबरोबर. पातं, पट्टा, चाचा, सगळं समोरच्या वाट्यात."

पात्याचं, पट्ट्याचं आणि माझं नाव एका दमात. मी लेईचा ब्रश घेऊन धुवायला लागलो, तो धुतलेलाच होता.

"बाबालाल दोघांचंबी कटिंग करंल," मामा म्हणाले. "मशीन कुणाकडंबी असू दे. त्यो काय पट्टा न्हाई." मग बाहेर उन्हाकडं बघितलं. "अभी, ठेव हात. माझं जेवण राहिलंय."

अभी उठला. रेघ ओलांडून मागच्या खोलीत गेला आणि मॅकपुढं उभा राहिला. हात थोडा पुढं झाला. मी म्हटलं, झालं.

तेवढ्यात शांतू हसला. मोठ्यानं नाही, ओठाच्या कोपऱ्यात. आपला डाव बसला की माणूस हसतो तसा. पण मॅकचा पडदा बंद होता आणि काचेत मागचा माणूस दिसतो. अभीनं ते हसणं काचेत बघितलं.

हात तिथंच थांबला. मग अभी वळला, रेघ ओलांडून परत आला आणि विंडोजवाल्या डब्याच्या डोक्यावर थाड्‌दिशी हात ठेवला.

"हा," तो म्हणाला.

शांतूचा चेहरा असा झाला, जसं कुणी चालत्या मशीनचा पट्टा काढला. "चुकून ठेवला त्यानं. मामा, त्याला विचारा."

"त्याला सांगा, चुकून नाही," अभी म्हणाला. "ढीग मला. त्यानंच रचलाय."

"तुला टाइप करता येतं का मराठी?" शांतू म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदा थेट बोलला तो.

"तुला मॅक सुरू करता येतो का?"

"शिकेन."

"मीपण शिकेन."

मामा उठले. "हात ठिवला. झालं." जाता-जाता अण्णांच्या डब्याला त्यांची काठी लागली. "आन् हे?"

"मला नको ते भंगार," शांतू म्हणाला. अभीनं मानच हलवली.

मामा थोडा वेळ त्या डब्याकडं बघत राहिले. पत्ते खेळताना अण्णा त्याच्यापुढं कसे बसायचे ते त्यांनीही बघितलं होतं. "बाबालाल, तू घे," ते म्हणाले. "दोघांस्नी नको झालेली दोन माणसं एका जागी बसा."

मग माझं टेबल मधल्या दारात आलं, बरोबर रेघेवर. त्याच्यावर लेईचा डबा, सुईदोरा आणि अण्णांचा डबा. माझी पाठ एका भावाकडं, तोंड एका भावाकडं. दुपारनंतर वळून बसायचो.

दुसऱ्या दिवसापासनं खरा तमाशा. शटर उघडलं, पत्रिकेची गिऱ्हाइकं आली. शांतूची जुनी माणसं, त्यांना काय माहीत रेघ. अभी की-बोर्डपुढं बसला आणि एकेक अक्षर शोधायला लागला. गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, लग्न यंदाचं आहे." अभी म्हणाला, "बसा गप." गिऱ्हाईक उठून गेलं.

मागं शांतू मॅकपुढं. सुरू व्हायला त्याला बराच वेळ लागला, कारण बटण पाठीमागं होतं आणि तो पुढं शोधत होता. मग मला हाक मारली. "चाचा, याच्या माउसला उजवं बटणच नाही. अर्धवट माउस दिलाय त्यानं."

"अभी, अर्धवट माउस दिलाय म्हणतोय."

"त्याला सांगा, माउस पूर्ण आहे. अर्धवट कोण आहे ते आरशात बघ म्हणावं."

पण बटणांचं दुखणं लहान होतं. मोठं दुखणं दोन दिवसांनी कळलं. तासगावचा बेदाणेवाला आला, मागच्या वर्षीचंच खोकं पाहिजे म्हणाला, फक्त वजन बदलून. अभी उठला आणि मधल्या दारापर्यंत येऊन थांबला. त्याची सगळी चित्रं, सगळी खोकी मॅकमध्ये होती. रेघेच्या पलीकडं. आणि त्याच दिवशी कोथळीचे मगदूम मागच्या दारानं शांतूला शोधत आले. थोरल्या मुलीची पत्रिका शांतूनं केली होती, आता धाकटीची. घरातल्या कुणाचं नाव कुणाच्या आधी, कोण वारलंय, कोण रुसलंय, सगळा मजकूर विंडोजच्या डब्यात. रेघेच्या अलीकडं.

मामांनी डबे वाटले, आतला माल वाटायचा राहिला. कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"शांतू," मी म्हणालो, "जाऊन माग की. दहा पावलं आहेत."

"मी? त्याच्याकडं? त्यापेक्षा प्रेस विकेन."

अभीला म्हणालो. अभी म्हणाला, "चाचा, ती चित्रं मी काढलीत. स्वतःची वस्तू भीक म्हणून मागू?"

गिऱ्हाइकं स्टँडजवळच्या दुसऱ्या प्रेसकडं वळायला लागली. शटर उघडं आणि आत कुणी नाही, असे दिवस मी अण्णांच्या वेळी कधी बघितले नव्हते. कटिंगला कागद नाही, मी नुसता पात्याला तेल लावत बसायचो. पातं असं चकचकीत झालं की त्यात माझं तोंड दिसायला लागलं, आणि ते तोंड घाबरलेलं होतं.

मग मी एक खोटं बोललो. शांतूला म्हणालो, "सांगलीत माझ्या ओळखीचा एकजण आहे. पत्रिका टाइप करून देतो. अक्षरांचं चित्र करून देतो, मग तुझ्या मॅकवर उघडतंय म्हणतोय."

शांतूनं माझ्याकडं बघितलं. "सांगलीत."

"सांगलीत."

त्यानं कोथळीच्या पत्रिकेचा मजकूर लिहून दिला. शांतूचं अक्षर अभी ओळखणार, म्हणून मी सगळं माझ्या हातानं उतरवून काढलं. माझं अक्षर म्हणजे चिखलातनं खेकडा गेलेला. ते नेऊन अभीपुढं ठेवलं. "इचलकरंजीचा एक प्रेसवाला आहे. त्याला टाइप करून पाहिजे."

अभीनं वाचलं. "इचलकरंजीचा प्रेसवाला कोथळीच्या मगदुमांची पत्रिका करतो?"

"करतो."

"बरं." त्यानं खुर्ची ओढली आणि जुना मजकूर शोधून नवीन नावं घालायला बसला. दुपार गेली त्यात. मधे एकदा म्हणाला, "त्या इचलकरंजीवाल्याला सांगा, मुलीच्या मामांचं नाव राहिलंय. मागच्या पत्रिकेत होतं. विसरभोळा आहे म्हणावं."

शेवटी सगळ्याचं चित्र करून पेनड्राइव्हवर घालून दिलं. मी दहा पावलं चालून शांतूकडं गेलो. जाताना उगीच मागच्या गल्लीतनं फेरी मारून गेलो, सांगलीहून आल्यासारखं वाटावं म्हणून.

शांतूनं पेनड्राइव्ह लावला. तोवर एवढं त्याला जमायला लागलं होतं. पत्रिका उघडली. बघितली, मग कुठंतरी काहीतरी दाबलं आणि बाजूला एक लहान चौकट उघडली. बारीक इंग्रजी. शांतूनं ती वाचली आणि त्याचा हात माउसवरच राहिला. मला वाटलं डबा अडकला.

"अडकला का रं?"

"मॅक अडकत नाही," तो म्हणाला. चौकट मिटवली. "काय नाव म्हणालात त्या सांगलीवाल्याचं?"

"विचारलं नाही."

"हात भिकार आहे त्याचा. ओळी सरळ आहेत, पण टायपिंग शिकाऊ पोराचं वाटतंय. सांगा त्याला."

"सांगतो."

"आणि मुलीच्या मामांचं नाव बरं घातलं त्यानं. मी विसरलो होतो."

बेदाण्याच्या खोक्याचंही तसंच झालं. मी शांतूला म्हणालो, "सांगलीवाल्याला एक बेदाण्याचं चित्र पाहिजे."

"टायपिंग करणाऱ्याला बेदाण्याचं चित्र कशाला?"

"आवडत असेल बेदाणा."

शांतूनं एक चित्र शोधता-शोधता अख्खा गठ्ठाच पेनड्राइव्हवर ओतला. "सगळंच ने म्हणावं. माझ्या डब्यात असली घाण नको."

असं चालू झालं. शिव्या जाताना तोंडानं, काम जाताना पेनड्राइव्हनं, आणि दोन्ही माझ्याच खिशात. मधे माझ्या टेबलावर अण्णांचा डबा उपयोगी पडायला लागला. अभीनं सांगितलं होतं, बाहेरच्या गिऱ्हाइकाचा कुठलाही पेनड्राइव्ह आधी लिनक्सला लावा, तिथं रोग लागत नाही, नको ते उडवा आणि मग मला द्या. मी उडवायचो. एकदा नांदणीच्या एका नवरदेवाचा सगळा मजकूरच उडवला. तेव्हा दोघांनीही मला दोन्ही बाजूंनी अशा शिव्या घातल्या, की वाटलं आता हे एक होतात. नाही झाले.

गिऱ्हाइकं हळूहळू परत आली. शटरनं आलेलं काम मागं आणि मागनं आलेलं काम पुढं, असं फिरायचं. बाहेर बोर्ड दोन लागले होते. रंगाचं काम असलं तर अभी म्हणायचा, "मागं एक माणूस बसतो, मी त्याला ओळखत नाही, पण काम बरं करतो."

उन्हाळ्यात माझ्या भाचीचं लग्न निघालं मिरजेला. मी चार दिवस गेलो. जाताना दोघांना बजावलं, "बाहेरचा पेनड्राइव्ह आला तर माझ्या टेबलावर ठेवा. मी येईपर्यंत लावू नका."

परत आलो तर अभी शर्टाच्या बाह्या वर करून बसलेला, डोळे लाल. लावला होता त्यानं. गिऱ्हाईक अडून बसलं आणि यानं थेट विंडोजला लावला. डब्यानं मान टाकली.

"म्हणालो होतो ना," मी म्हणालो.

"म्हणाला होतात. आता गप्प बसा."

"मजकूर?"

"सीडीवर काढून ठेवलेला आहे. तो वाचला. बाकी सगळं पुसलं. कोरा केलाय डबा. नव्यानं बसवतोय."

मी त्याच्या मागं उभा राहिलो. निळा पडदा, पांढऱ्या ओळी, मग अजून एक पडदा. तिथं डबा थांबला. मधे एक रिकामी पट्टी, आणि पट्टीत एक रेघ उघडझाप करत उभी.

"काय विचारतोय?"

"मालक कोण विचारतोय. नाव घाला म्हणतोय."

अभी टाइप करायला लागला. मला इंग्रजी वाचता येत नाही. पण अक्षरं ओळखतो, आयुष्य खिळे निवडण्यात गेलं. पहिलं अक्षर ए येणार म्हणून मी बघत होतो. अभिनंदन. आलं एस. मग एच. मग ए. मी पुढं वाकलो. एकेक अक्षर मनात लावत गेलो. शांतिनाथ. मग चौगुले.

"अभी," मी म्हणालो, "नाव चुकलंय."

"चुकलं नाही."

"तुझं नाही ते."

"आधी याच्यावर त्याचंच होतं. तेच राहिलं होतं."

"राहिलं होतं, बरोबर. पण आता तर तू सगळं पुसलास की. कोरा होता."

अभीनं पुढचं बटण दाबलं. डबा परत कामाला लागला.

"हे नाव कुठं दिसतं?" मी विचारलं.

"इथनं निघणाऱ्या प्रत्येक फाइलीला चिकटून जातं. उघडणाऱ्यानं बघितलं तर दिसतं."

"पहिल्यापासनं?"

"चाचा, कटिंग पडलंय तुमचं."

मी कटिंगला गेलो. पट्टा चालू केला नाही बराच वेळ.

दोन दिवसांनी मागच्या खोलीत पेनड्राइव्ह घेऊन गेलो. शांतूला म्हणालो, "सांगलीवाल्याचा डबा बिघडला होता. सगळा पुसून नव्यानं बसवलाय त्यानं. म्हणून उशीर."

"पुसला?"

"कोरा केला म्हणतोय."

शांतूनं पेनड्राइव्ह लावला. पत्रिका उघडली, पण पत्रिकेकडं बघितलं नाही. आधी ती चौकट उघडली. या खेपेला मीपण मागनं बघितलं. बारीक अक्षरांत तेच होतं. एस, एच, ए.

शांतूनं ती अक्षरं दोनदा वाचली. मग चौकट मिटवली आणि नाक ओढलं.

"हात अजून भिकारच आहे त्याचा," तो म्हणाला.

"सांगतो."

मी उंबऱ्यापर्यंत आलो. मामांची रेघ कधीच पुसून गेली होती, पण माझा पाय तिथं अजून अडखळायचा.

"चाचा."

"काय रं?"

"त्या सांगलीवाल्याला सांगा, तो डबा उन्हाळ्यात तापतो. बाजूचं झाकण काढून ठेव म्हणावं, नाहीतर परत मान टाकेल. मी तसंच ठेवायचो."

मी दहा पावलं चालून पुढं आलो. या खेपेला गल्लीतनं फेरी मारली नाही. म्हणालो, "अभी, इचलकरंजीवाल्याचा निरोप आहे. डबा तापतो, बाजूचं झाकण काढून ठेव म्हणतोय."

"इचलकरंजीवाल्याला म्हणावं, आपल्या डब्याचं बघ. माझ्यात नाक खुपसू नको."

"म्हणतो."

मग तो उठला. माझ्याच टेबलावरनं स्क्रू ड्रायव्हर उचलला, बाजूचं झाकण काढलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं.